रोज एक नख

६ जून

प्रिय धाकटीस,

ताईचे अनेक आशीर्वाद. तुझ्या पत्राला दोन आठवडे उत्तर गेलं नाही, म्हणजे मी आजारी असणार असं धरून तू शेजारी फोन फिरवले नसशील, अशी आशा करते. मी ठणठणीत आहे. निवृत्त झाल्यापासून वजन दोन किलोने वाढलंय, तेवढीच माझी प्रगती. फोनवर आपण दोघी पाचव्या मिनिटाला भांडतो म्हणून आईने पत्रांची शिस्त लावली होती, ती मी मोडणार नाही. पण या वेळी उशिराला कारण आहे आणि ते कारण आत्ता कॉटखाली बसलंय.

मी कुत्रा आणला. हस तू खुशाल. लहानपणी तू रस्त्यावरचं पिल्लू घरात आणलंस तेव्हा तीन दिवस अबोला धरणारी मीच, मला आठवतंय. पण घर खायला उठतं गं. प्राण्यांच्या निवाऱ्यात सहज म्हणून गेले आणि याला घेऊन आले. पाच वर्षांचा आहे, तपकिरी, एक कान उभा आणि एक पडलेला. तिथे त्याला काहीतरी राजेशाही नाव दिलं होतं. मी त्याला दचक्या म्हणते. दाराची बेल वाजली की दचकतो, चमचा पडला की दचकतो, स्वतःच्या शिंकेलाही दचकतो आणि मग माझ्याकडे रागाने बघतो. आईच्या खोलीत त्याचं ब्लँकेट टाकलंय. ती खोली रिकामीच होती.

त्याची नखं फार वाढली होती. फरशीवर चालताना टकटक वाजायची, वळताना पाय घसरायचा. माझा स्वभाव तुला ठाऊक आहे. शाळेच्या ऑफिसात बत्तीस वर्षं हेडक्लार्क होते, टेबलावर कागद शिळा झालेला मला खपला नाही. त्याला आणल्याच्या चौथ्याच दिवशी मी कुत्र्यांचं नेलकटर आणलं आणि वरच्या मजल्यावरच्या शिंपीदादांना बोलावलं. त्यांनी टॉवेलात गुंडाळून धरायचं, मी भराभर कापायचं, पंधरा मिनिटांत काम उरकायचं, असा बेत होता.

बेत फसला. तिसऱ्या नखाला त्याने असा हिसडा दिला की शिंपीदादांचा चष्मा उडून कपाटाखाली गेला. नख जरा खोल कापलं गेलं, थोडं रक्त आलं. याने टॉवेलातच शू केली आणि कॉटखाली जो घुसला तो दोन दिवस जेवायलाही बाहेर आला नाही. आता मी नुसता केसांचा ब्रश हातात घेतला तरी थरथरतो. पायाला बोट लागलं की ओठ मागे ओढून दात दाखवतो.

मागच्या मालकाने याचे फार हाल केलेले असणार. पाय पिरगळले असतील, मारलं असेल. असल्या लोकांच्या हाती जनावर द्यायचंच कशाला? शिंपीदादांनाही तेच वाटतं. जो येतो त्याला मी हेच सांगते आणि ऐकणारा हळहळतो.

तुझे गुडघे कसे आहेत? जिना चढू नकोस. औषध वेळेवर घे, मी सांगते म्हणून तरी घे.

तुझी ताई


२७ जून

प्रिय धाकटीस,

आशीर्वाद. तुझं पत्र मिळालं. दचक्याचे हाल वाचून तुला रडू आलं, असं तू लिहिलंस. ते वाचून मला बरं वाटलं नाही. दुसरं पानही वाचलं, त्याच्याकडे मग येते.

त्याला जनावरांच्या दवाखान्यात नेलं होतं. तिथले मदतनीस पुढच्या वर्षी निवृत्त व्हायचे आहेत, सगळे त्यांना मामा म्हणतात. दचक्या टेबलाखाली बसला तर मामाही गुडघे कुरकुरवत टेबलाखाली जाऊन बसले. तिथूनच मला म्हणाले, "बाई, घाई कोणाला आहे? तुम्हाला की याला?" मी म्हटलं, नखं वाढलीत हो. ते म्हणाले, "नखं काय, ती वाढतच राहणार. तुम्ही कुठे गाडी पकडायला निघालाय?"

मग त्यांनी सगळं शिकवलं. आठवडाभर नेलकटर त्याच्या जेवणाच्या ताटलीशेजारी नुसतं ठेवायचं, उचलायचं नाही. त्याने हुंगलं की उकडलेल्या अंड्याचा तुकडा द्यायचा. पुढे खांद्यावर हात ठेवायचा, मग कोपरापर्यंत, मग पंजावर, आणि दर वेळी अंडं. ब्रशसुद्धा आधी उलट्या बाजूने फिरवायचा, दाते लावायचे नाहीत. कट्‌ असा आवाज झाला की तो बिथरतो, म्हणून काडेपेटीतल्या काड्या त्याच्याजवळ बसून एकेक मोडायच्या. मी रोज संध्याकाळी काड्या मोडत बसते. शिंपीदादांना वाटतंय, माझं डोकं फिरलं.

"आणि त्याने पाय ओढला की लगेच सोडायचा," मामा म्हणाले. "ओढला की सुटतो, हे त्याला एकदा कळलं पाहिजे. मगच तो द्यायला लागेल. आणि दिवसाला एकच नख. दुसरं देत असला तरी कापायचं नाही."

हे ऐकलं आणि मी तिथल्या बाकावर जाऊन बसले. मामांनी विचारलं, चक्कर येतेय का? मी म्हटलं, ऊन फार आहे बाहेर. बाहेर ढग होते.

एक गोष्ट मी तुला खोटी सांगितली. निवाऱ्यातून त्याच्याबरोबर एक कार्ड मिळालं होतं. त्यावर असं लिहिलंय: स्वभाव भित्रा, पण चावत नाही. पायाला हात लावू देतो. सावकाश घेतल्यास नखं कापू देतो. हे कार्ड मी पहिल्याच दिवशी वाचलं होतं आणि फ्रिजवर ठेवलं होतं. मागच्या मालकाने त्याला मारलं होतं की नाही, मला काही माहीत नाही. पायाला हात लावला की दात दाखवायला त्याला मी शिकवलं, पंधरा मिनिटांत. शिंपीदादांना अजून सांगितलेलं नाही. मामांनी विचारलं तेव्हाही मी मागच्या मालकाच्याच नावाने खापर फोडून मोकळी झाले. त्यांनी मान हलवली, पण ते माझ्या हाताकडे बघत होते, असं मला वाटलं.

आता तुझं दुसरं पान. तुझी मैत्रीण इथल्या वृद्धनिवासाची व्यवस्थापिका झाली, छान झालं. आईला सांभाळायला यायच्या त्या मावशींनी तिथे कामाला अर्ज केलाय, अनुभव म्हणून आपल्या घराचं नाव दिलंय आणि म्हणून मैत्रिणीने तुला विचारलं, हे समजलं. तू लिहितेस, "दचक्याच्या मालकासारखेच हात त्या बाईचे. आईच्या मनगटावरचे वळ तीन वर्षं झाली तरी माझ्या डोळ्यांसमोरून जात नाहीत. मी सगळं लेखी देणार आहे."

माझ्याही डोळ्यांसमोरून जात नाहीत.

लेखी देण्याची घाई करू नकोस, एवढंच म्हणते. जुनी गोष्ट झाली. त्यांचंही पोट आहे. अधिक काय लिहू? दचक्याने आज नेलकटरवर हनुवटी ठेवून झोप काढली. मामांना सांगितलं तर म्हणाले, खातं उघडलं म्हणायचं, आता हळूहळू विश्वास जमा करा.

तुझी ताई


१८ जुलै

धाकटे,

आज आशीर्वाद लिहायला हात धजत नाही.

तुझं कार्ड मिळालं. "ताई, तुझं मन फार मोठं आहे, पण मी काल लेखी पाठवून दिलं. अशा बाईच्या हाती आणखी म्हातारी माणसं द्यायची नाहीत." कार्ड वाचून मी तुला फोन लावला होता, आठवतंय? तू उचललास आणि मी तुझ्या गुडघ्यांची चौकशी करून फोन ठेवला. म्हणून हे पत्र कुरिअरने पाठवतेय. बसून वाच.

आईच्या मनगटावरचे वळ माझ्या हाताचे होते.

कारण सांगते, पण ते सांगून सुटका मागत नाही. तुला ते वळ दिसले त्याच्या आधीच्या खेपेला तू आलीस तेव्हा आईचा हात हातात घेऊन म्हणाली होतीस, "ताई, हिची नखं किती वाढलीत गं." तू सहज म्हणालीस. मला ते बोचलं. तू दोन दिवसांची पाहुणी, मी रोजची, आणि शेरा माझ्या कामावर. मग मावशींनी नखांचं काम हाती घेतलं. अर्धांगाच्या झटक्यानंतर आईचा उजवा हात मुठीसारखा मिटलेला असायचा, उघडताना दुखायचा. वाचा गेली होती, तरी तोंडातून आवाज यायचा. मावशी तो हात कोमट पाण्यात धरायच्या, एक बोट सोडवायच्या, एक नख कापायच्या आणि म्हणायच्या, "झालं आजचं." दिवसाला एकच, मग हात उजवा असो की डावा. मला तो निव्वळ कामचुकारपणा वाटायचा. दहा नखांना दहा दिवस! मी त्यांना एकदा तसं म्हटलंही. त्या हसल्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा एकच कापलं.

तू सोमवारी यायची होतीस. रविवारपर्यंत चार नखं झाली होती. मावशी दोन वाजता घरी गेल्या आणि मी ठरवलं, आजच उरकून टाकू. मी आईचं मनगट धरलं. तिने हात ओढला. मी आणखी घट्ट धरलं. ती डोळे मोठे करून माझ्याकडे बघत होती आणि मी म्हणत होते, "आई, नाटकं नकोत, दोन मिनिटांचं काम आहे." मी तिच्या छातीवर माझं कोपर टेकवलं होतं. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. सहाच्या सहा नखं कापली, आधीची चारही पुन्हा नीट गोल केली, आणि मला समाधान वाटलं. ते समाधान मला आता सगळ्यात जास्त छळतं.

सोमवारचं तुला आठवतंय, पण माझ्या जागेवरून सांगते. तू पांघरूण बाजूला केलंस. मावशी कोमट पाण्याचं भांडं घेऊन उभ्या होत्या. तू ओरडलीस, "हिला असं कोणी धरलं?" मावशींनी माझ्याकडे बघितलं. मी भांड्याकडे बघितलं. तू त्यांच्याकडे वळलीस. त्या म्हणाल्या, "मी नाही धरलं." तू म्हणालीस, "मग कोणी?" आणि मी म्हटलं, "मी चहा टाकते."

चहा आटून काळा झाला तरी मी स्वयंपाकघरातून बाहेर आले नाही. तुझा आवाज ऐकू येत होता, त्यांचा नाही. तू त्यांना कामावर पाठवणाऱ्या संस्थेला फोन लावून त्यांचं नाव काढायला लावलंस, तेही ऐकलं. बाहेर आले तेव्हा मावशी दारात चपला घालत होत्या. नंतर तू मला विचारलंस, "ताई, तुला कधी संशय नाही आला?" आणि मी म्हटलं, "थोडासा यायचा." गप्प राहिले ते भित्रेपणाने, असं एक वेळ म्हणता येईल. पण हे वाक्य मला कोणी बोलायला लावलं नव्हतं.

पुढे मी दुसरी बाई ठेवली नाही. तू सगळ्यांना सांगत होतीस, ताई एकटीने किती करते. नवी बाई आली असती तर तिने विचारलं असतं, की मुलगी जवळ आली की या हात का लपवतात? आई मला बघितलं की दोन्ही हात पांघरुणाखाली घ्यायची. डावा धड होता, तोही. शेवटी शेवटी उजव्या तळव्यात नखं रुतून जखम झाली. झटक्याने हात आणखी आखडला, असं मी तुला सांगितलं आणि रुमाल बांधून ठेवला. तो रुमाल तू जखम बघू नयेस म्हणून होता. तिच्या हाताला हात लावायचं धाडस मला परत झालं नाही आणि तिने दिलाही नाही.

गेल्या मंगळवारी दचक्याने आपणहून पाय उचलून माझ्या मांडीवर ठेवला. मी एकच नख कापलं, अंडं दिलं, म्हटलं, "झालं आजचं." शब्द मावशींचे आहेत, हे तोंडातून बाहेर पडल्यावर कळलं. मला इतकं रडू आलं, की तो घाबरून कॉटखाली गेला. एका अनोळखी कुत्र्यासाठी मला दीड महिना मिळाला, आणि आईसाठी मी एक दुपार थांबले नाही. त्याच दिवशी जाऊन शिंपीदादांना मागच्या मालकाचं खरं काय ते सांगितलं. लहान खोटं आधी बाहेर काढून बघितलं, झालं. दुसऱ्या दिवशी तुझं कार्ड आलं.

परवा तुझ्या मैत्रिणीला भेटले. सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तक्रार तुमच्या बहिणीची आहे आणि ती लेखी आहे. तुम्ही तोंडी काही सांगितलंत तर उद्या मला कोणी विचारेल, की मावशींनी तुम्हाला गळ घातली का? तिने लेखी मागे घेतली तर मी बघेन. पंचवीस तारखेला मला जागा भरायची आहे." ती बरोबर बोलली. मी तिच्या खुर्चीवर असते तर मीही हेच म्हटलं असतं.

मग मावशींना शोधत गेले. त्या आता एका लॉन्ड्रीत चादरींच्या घड्या घालतात. दिवसभर उभ्याने काम आहे. मला बघून म्हणाल्या, "मोठ्या ताई, या," आणि चादरीची दोन टोकं माझ्या हातात दिली, कारण त्यांच्या जोडीची बाई जेवायला गेली होती. घडी घालता घालताच मी म्हटलं, "मावशी, त्या दिवशीचं मी केलं होतं."

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"त्याच सकाळपासून. रविवारपर्यंत माझी चार झाली होती. सोमवारी येऊन बघते तर दहाच्या दहा गोल. आणि मनगटावर चार बोटं. घरात तुम्हा दोघींशिवाय होतं कोण?"

"मग तुम्ही सांगितलं का नाहीत?"

त्यांनी घडी टेबलावर ठेवली, हाताने सपाट केली.

"आई तुमची, घर तुमचं. मी सांगून कोण ऐकणार होतं? तुम्ही चहा टाकायला गेलात. मला वाटलं, बाहेर येऊन बोलाल. म्हणून चपला घालायला मी जरा वेळच लावला."

मी त्यांच्या पाया पडायला वाकले तर त्यांनी मला दंडाला धरून सरळ उभं केलं. धरलं म्हणजे नुसता हात लावला. "माफीचं मागाहून बघू," म्हणाल्या. "धाकट्या ताईंना ते पत्र तेवढं परत घ्यायला सांगा. माझ्या पायांना आता उभं राहवत नाही."

धाकटे, तू त्या दिवशी जे केलंस ते आईच्या मायेने केलंस आणि माझ्यावर विश्वास ठेवून केलंस. त्यात तुझी चूक नाही. तुझ्या हातून एका निर्दोष बाईची भाकरी मी काढून घेतली, एकदा तेव्हा आणि एकदा आत्ता, "घाई करू नकोस" असं साळसूदपणे लिहून. तुला माझा राग येईल. यावा. आईच्या शेवटच्या दिवसांची तुझ्या मनात जी आठवण आहे, तीही मी नासवली. कदाचित तू मला परत लिहिणार नाहीस.

पण आधी तुझ्या मैत्रिणीला लिही. आजच लिही, कुरिअरने पाठव, पंचवीसच्या आत पोचलं पाहिजे. गैरसमज झाला होता, असलं गोलमोल लिहू नकोस. लिही, की आईचा हात माझ्या थोरल्या बहिणीने पिरगळला आणि मावशी निर्दोष आहेत. माझं पूर्ण नाव घाल.

मला काय लिहायचं ते मागाहून ठरव.

तुझी,
(ताई म्हणायचं की नाही, ते तू बघ)